मृत्युपत्र, वारसा आणि वाटणी: नागपुरात मालमत्तेचा वाद कसा हाताळावा

तेरवी आटोपली की घरात पहिला प्रश्न निघतो, "वसीयत आहे का?" खरं तर हा प्रश्न तिसरा आहे. पहिला प्रश्न, मालमत्ता नेमकी कोणाची होती आणि त्यांच्याकडे ती कशी आली. दुसरा, कोण कोणत्या तारखेला वारलं. ही दोन उत्तरं कागदावर आल्याशिवाय मृत्युपत्र वाचूनही उपयोग नसतो, कारण जे मृताच्या मालकीचं नव्हतं ते मृत्युपत्राने देता येत नाही. खालचा क्रम त्याच हिशोबाने लावला आहे. आधी कागद, मग वाटे, मग मृत्युपत्र, मग नोंदी आणि शेवटी कोर्ट.

पायरी १: तारखांसह वंशावळ

आजोबांपासून सुरुवात करा. प्रत्येक नावापुढे मृत्यूची तारीख, लग्न झालेल्या मुली, वारलेल्या मुलांची मुलं आणि विधवा सुना लिहा. "आत्याला तेव्हाच दिलं होतं" म्हणून आत्याचं नाव गाळू नका. गाळलेलं नाव पुढे दावा अडकवतं.

तारखांना इतकं महत्त्व कशासाठी, ते पाहा. हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ रोजी लागू झाला. त्याआधी वारलेल्या माणसाचा वारसा जुन्या हिंदू कायद्याने ठरतो आणि तिथे मुलगा किंवा विधवा असताना मुलीला वाटा नव्हता. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून अविवाहित मुलींना सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मतः हक्क असलेली हिस्सेदार, केलं. केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून सगळ्याच मुलींना जन्मतः हक्क दिला. हा हक्क मिळण्यासाठी वडील त्या दिवशी जिवंत असण्याची गरज नाही, असं सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सांगितलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेल्या वाटण्या मात्र त्यामुळे उघडत नाहीत. "तेव्हा तोंडी वाटणी झाली होती" हा बचाव भाऊ हमखास घेतात. त्याला सरकारी कागदांचा भक्कम आधार नसेल तर कोर्ट सहसा तो मानत नाही.

हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. नागपुरात हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण "आम्ही बौद्ध, आम्हाला हिंदू कायदा कसा?" हा प्रश्न इथे नेहमी येतो. अनुसूचित जमातींना, म्हणजे आपल्याकडच्या गोंड कुटुंबांना, तो आपोआप लागू होत नाही. मुस्लिम कुटुंबात वाटे वैयक्तिक कायद्याने पडतात आणि मृत्युपत्राने साधारण एक तृतीयांशापर्यंतच देता येतं, तेही वारसाला द्यायचं तर इतर वारसांच्या संमतीने. पुढची गणितं हिंदू कायद्याची आहेत.

पायरी २: मालमत्तेचे कागद

नागपूर मध्यप्रांताची राजधानी होती आणि १९५६ पर्यंत हा भाग मध्य प्रदेशात होता. त्यामुळे इथल्या जुन्या कागदांची भाषा वेगळी आहे. सातबारावर गट क्रमांकासोबत मौजा (गाव), प.ह.नं. (पटवारी हलका नंबर) आणि खसरा (जमिनीच्या तुकड्याचा) नंबर दिसतो. जुन्या दस्तात भूमिस्वामी, भूमिधारी असे जमीनधारकांच्या प्रकारांचे शब्द येतात. फक्त आजचा सातबारा घेऊन वकिलाकडे गेलात तर तो परत पाठवेल. शेतीसाठी सातबारा, आठ-अ आणि त्यावर उल्लेख असलेला प्रत्येक फेरफार काढा. १९५४-५५ चा अधिकार अभिलेख मिळाला तर फारच उत्तम. जमीन आजोबांच्या नावावर कशी चढली हे बहुधा तिथेच कळतं.

शहरात मालमत्तेच्या जातीप्रमाणे कागद बदलतात. महाल, इतवारीच्या जुन्या वाड्याची आखिव पत्रिका (शहरी मालमत्तेचं मालमत्ता पत्रक) नगर भूमापन कार्यालयातून घ्या. नागपूर सुधार प्रन्यासचा प्लॉट असेल तर तो भाडेपट्ट्यावर आहे का आणि पट्ट्याची मुदत कधीची, हे तपासा. ले-आऊटमधला प्लॉट असेल तर विक्रीपत्रासोबत प्रन्यासचं आर.एल. पत्र, म्हणजे त्या प्लॉटला प्रन्यासची मान्यता दाखवणारं पत्र, पाहिजे. गृहनिर्माण संस्थेने दिलेलं नुसतं ताबापत्र हाती असेल तर आधी मालकीच तपासावी लागते, वाटणी त्यानंतर. नझूल, म्हणजे सरकारने पट्ट्यावर दिलेल्या, जमिनीत वारसांना पट्टेदाराचेच हक्क मिळतात, अटींसकट. घरटॅक्सची पावती ताब्याचा पुरावा म्हणून उपयोगी आहे, मालकीचा म्हणून नाही.

सूची क्रमांक दोनचा, म्हणजे नोंदणी झालेल्या मालमत्तेच्या दस्तांच्या यादीचा, शोधही घ्या. अलीकडची वर्षं ऑनलाइन सापडतात, जुन्यासाठी दुय्यम निबंधक कार्यालयात फी भरून सर्च करावा लागतो. भावाने गुपचूप बक्षीसपत्र किंवा विक्रीपत्र करून ठेवलंय का, हे इथे कळतं. मृत्युपत्र मात्र या शोधात दिसणार नाही, कारण त्यांची नोंद वेगळ्या पुस्तकात, बुक नंबर तीनमध्ये होते. मृत्युपत्र करणारा हयात असेपर्यंत त्याची नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते. मृत्यूनंतर मृत्यू प्रमाणपत्र जोडून कोणीही ती मागू शकतो.

पायरी ३: वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित

"बापाकडून आलं म्हणजे वडिलोपार्जित" ही समजूत जितकी पसरली आहे तितकीच चूक आहे. वडिलांचं १९५६ नंतर निधन झालं आणि त्यांची स्वतःची मालमत्ता मुलाला हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ८ प्रमाणे मिळाली, तर ती त्या मुलाची वैयक्तिक मालमत्ता होते. नातवाला तिच्यात जन्मतः हक्क मिळत नाही. सुप्रीम कोर्टाने १९८६ मध्ये चंदर सेन खटल्यात हे ठरवलं. म्हणून "आजोबांचं घर, बाबा जिवंत असतानाच माझा वाटा द्या" असा दावा बऱ्याचदा पहिल्याच सुनावण्यांत डगमगतो.

आता दोन हिशोब.

पहिला, स्वकष्टार्जित. वडिलांनी नोकरीच्या पैशातून मनीषनगरला प्लॉट घेतला आणि ते मृत्युपत्र न करता वारले. मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी आणि वडिलांची आई. पाच जणांचा प्रत्येकी १/५. आजीही पहिल्या वर्गाची, म्हणजे पत्नी-मुलांच्या बरोबरीची, वारस आहे, हे घरोघरी विसरलं जातं. आजोबा मात्र त्या वर्गात नाहीत. पुढे आजीही मृत्युपत्र न करता वारली, आणि आजोबा त्याआधीच वारलेले असतील, तर तिचा १/५ तिच्या मुलांकडे जातो. समजा तिला एक काका, एक आत्या आणि हे वारलेले वडील अशी तीन मुलं होती. मग काकांना १/१५, आत्याला १/१५ आणि वडिलांच्या तीन मुलांना मिळून १/१५. सुनेला सासूच्या या वाट्यातून काही मिळत नाही. शेवटी ४५ भागांपैकी आईचे ९, तिन्ही मुलांचे प्रत्येकी १०, काकांचे ३ आणि आत्याचे ३. प्लॉट विकायला निघाल्यावर खरेदीदाराचा वकील काकांची सही मागतो ती यामुळे. आजी हयात असतानाच तिच्याकडून हक्कसोड किंवा मृत्युपत्र करून घेतलं असतं, तर ही वेळ आली नसती.

दुसरा, खऱ्या अर्थाने वडिलोपार्जित. काटोल तालुक्यातली ६ एकर जमीन पणजोबांपासून चालत आलेली, १९५६ आधीच वडिलांच्या वडिलांकडे आलेली. वडील २०१२ मध्ये वारले. त्यांनी मृत्युपत्रात "सगळी जमीन थोरल्याला" लिहिलं आहे. पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी हयात. आधी मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असं धरायचं. वडील, आई आणि तीन मुलं असे पाच वाटे, प्रत्येकी १/५. मृत्युपत्र चालतं ते फक्त वडिलांच्या १/५ वर. म्हणून थोरल्याला २/५, म्हणजे २ एकर १६ गुंठे, आणि बाकी तिघांना प्रत्येकी १ एकर ८ गुंठे. मृत्युपत्र नसतं तर चौघांना सारखे दीड-दीड एकर आले असते. म्हणजे मृत्युपत्र खोटं पाडायला दहा वर्षं घालवण्याआधी ते मुळात किती जमिनीवर चालतं, याचा हिशोब करून पाहा. कित्येकदा भांडण निम्म्याहून कमी होतं.

पायरी ४: मृत्युपत्र तपासणं

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. दोन साक्षीदार मात्र हवेतच. प्रत्येकाने मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं हवं, किंवा "ही माझी सही" असं त्याने स्वतः सांगितलेलं हवं. आणि प्रत्येकाने त्याच्या समोर सही केलेली हवी. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असण्याची गरज नाही.

नोटरीचा शिक्का साक्षीदारांची उणीव भरून काढत नाही. नोंदणी झालेली असली तरी मृत्युपत्र आपोआप सिद्ध होत नाही. वाद झाला की किमान एक साक्षीदार कोर्टात उभा करावाच लागतो, आणि त्याने स्वतःच्याच नाही तर दुसऱ्या साक्षीदाराच्या सहीबद्दलही सांगायला हवं. "मी सही केली, दुसऱ्याचं मला माहीत नाही," एवढंच तो बोलला आणि दुसरा साक्षीदार तपासलाच नाही, तर चांगलं मृत्युपत्रही कोसळतं. दस्तलेखक हा आपोआप साक्षीदार होत नाही. ज्या डॉक्टरांनी "शुद्धीत आहेत" असा दाखला दिला, त्यांचंही तसंच. त्यांना साक्षीदार करायचं असेल तर साक्षीदाराच्या रकान्यात सही हवी. साक्षीदार मृत्युपत्र करणाऱ्यापेक्षा वयाने बरेच लहान निवडावेत. सत्तरीतल्या माणसाने सत्तरीतल्याच दोन मित्रांच्या सह्या घेतल्या, तर ते सिद्ध करायच्या वेळी कोणीच उरलेलं नसतं.

शंका कुठे घ्यायची? सुप्रीम कोर्टाच्या १९५८ च्या वेंकटाचल अय्यंगार खटल्यापासून नियम असा आहे की संशयास्पद परिस्थिती दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे आणणाऱ्यावर असते. सगळं ज्याला मिळतं त्यानेच दस्तलेखक शोधला, गाडीत बसवून नेलं, फी भरली. पत्नीला राहायलाही जागा ठेवली नाही आणि कारण एका ओळीचंही नाही. मृत्युपत्राची तारीख आयसीयूत असतानाच्या दिवसांतली आहे. मराठीशिवाय काही न वाचणाऱ्याचं मृत्युपत्र इंग्रजीत, आणि "वाचून दाखवलं" अशी नोंद नाही. वारसांच्या नोंदीच्या वेळी गप्प बसलेल्याने आठ वर्षांनी मृत्युपत्र काढलं. असे दोन-तीन मुद्दे एकत्र आले तर आव्हानात दम आहे. नुसतं "बाबा असं करणं शक्य नाही" हा मुद्दा कोर्टात टिकत नाही. मुलीला वगळलं म्हणून मृत्युपत्र खोटं ठरत नाही, कारण वगळण्यासाठीच तर माणूस मृत्युपत्र करतो. दवाखान्याचे कागद, पेन्शनच्या बँकेतल्या त्याच काळातल्या सह्या आणि मोबाइलचं बिल इतकंच आधी गोळा करा.

मुंबईचा नातेवाईक "प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला) काढल्याशिवाय काही होत नाही" म्हणेल. तो नियम मुंबई, चेन्नई, कोलकात्याच्या ठराविक हद्दीपुरता होता. नागपुरात केलेल्या, नागपुरातल्याच मालमत्तेबद्दलच्या हिंदू मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती कधीच नव्हती. कोणी हवं तर काढू शकतो, एवढंच.

पायरी ५: नोंदी आणि आक्षेप

वारस नोंदीसाठी तीन महिन्यांच्या आत कळवायचं असतं. ई-हक्क प्रणालीवर अर्ज करता येतो. सोबत मृत्यू प्रमाणपत्र, वारसांचं शपथपत्र आणि सातबारा लागतो. १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर सुरू झालेल्या जिवंत सातबारा मोहिमेत अशा कितीतरी जुन्या नोंदी वर आल्या, आणि त्यांच्यासोबत जुनी भांडणंही. पटवारी (शासन आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतं) सर्व हितसंबंधितांना नोटीस काढतो. आक्षेपासाठी १५ दिवस असतात. लेखी आक्षेप द्या आणि पोच घ्या. तोंडी आक्षेप म्हणजे आक्षेप नाही. मग प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाऊन मंडळ अधिकाऱ्यासमोर येतं. निर्णय विरोधात गेला तर ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील.

लोक इथे सगळी ताकद घालवतात. तहसीलमध्ये तीन वर्षं, उपविभागीय अधिकाऱ्याकडे दोन, पुढे आणखी. फेरफाराने मालकी ठरत नाही, तो महसूल गोळा करण्यासाठी आहे. आक्षेप जरूर घ्या, कारण नाव चढलेला भाऊ त्याच सातबाऱ्यावर कर्ज काढतो किंवा सौदा करतो. पण मालकीचा निकाल दिवाणी कोर्टातच लागतो, आणि महसुली अपील चालू असताना दिवाणी मुदतीचं घड्याळ थांबत नाही.

बँक आणि शेअरमधला नॉमिनी मालक नसतो, तो वारसांच्या वतीने पैसे स्वीकारणारा असतो. शेअरबद्दल सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. फ्लॅटच्या संस्थेतही तसंच. ठेवी आणि शेअरसाठी वाद असेल तर दिवाणी कोर्टातून उत्तराधिकार प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते घर-जमिनीला चालत नाही.

पायरी ६: हक्कसोड, सही करण्याआधी

सगळ्यात जास्त नुकसान या कागदाने होतं. बहिणीला "फक्त नाव कमी करायचं आहे" सांगून दुय्यम निबंधकाकडे नेलं जातं. काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. स्थावर मालमत्तेचं हक्कसोडपत्र नोंदणीशिवाय निरर्थक आहे. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी केलेला कागद पुरत नाही. वडील जिवंत असताना त्यांच्या स्वकष्टार्जित घरावरचा "भावी" हक्क सोडता येत नाही, कारण तो अजून जन्मलेलाच नसतो. पैसे न घेता जवळच्या नातेवाइकाच्या नावे वडिलोपार्जित हक्क सोडला तर नाममात्र मुद्रांक लागतो, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपये. पण पैसे घेतले आणि दस्तात लिहिले नाहीत, तर पुढे ते मिळाल्याचं किंवा न मिळाल्याचं सिद्ध करणं अवघड. दस्तात गट किंवा खसरा नंबर आणि नेमका हिस्सा लिहा. "सर्व मालमत्ता" असं मोघम लिहिलं की उद्या सापडलेला प्लॉटही गेला. सही करताना फसवलं असं वाटत असेल तर कळल्यापासून ३ वर्षांच्या आत रद्द करण्याचा दावा लावावा लागतो.

पायरी ७: वाटणीचा दावा

आधी समेटाची शक्यता पाहा. दाव्याआधीही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणामार्फत लोक अदालतीत प्रकरण ठेवता येतं. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

आपसात वाटणी झाली तर कागद नीट करा. आज वाटणी करत आहोत असा दस्त असेल तर नोंदणी हवी. आधी झालेल्या वाटणीची फक्त आठवण लिहून ठेवली, तर तिला नोंदणी लागत नाही. फरक एका वाक्याचा असतो आणि त्यावर निकाल फिरतो. शेतीची वाटणी सर्वांच्या संमतीने तहसीलदाराकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली होते. एकानेही नकार दिला की तो मार्ग बंद. तुकडेबंदीची, म्हणजे शेतीचा तुकडा ज्याहून लहान करता येत नाही ती, किमान मर्यादाही बघा.

नाहीच जमलं तर सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात दावा. दाव्यात सगळे वारस आणि सगळ्या मालमत्ता आणा. एक बहीण राहिली, एक प्लॉट वगळला, की समोरचा पहिला हरकतीचा मुद्दा तोच घेतो. भावाने काही विकलं असेल तर खरेदीदारालाही पक्षकार करा आणि विक्रीपत्र आपल्या हिश्श्यावर बंधनकारक नाही अशी घोषणा मागा. मधल्या काळातल्या उत्पन्नाचा, म्हणजे संत्र्याच्या बहाराचा आणि दुकानाच्या भाड्याचा हिशोबही मागा. नंतर आठवलं तर उशीर झालेला असतो. मालमत्तेच्या वादात महिला पक्षकारांना महाराष्ट्रात १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने कोर्ट फी माफ आहे. बहिणीने वादी व्हावं की भावाने, हे ठरवताना ही बाब कामी येते.

दाव्यासोबतच विक्री आणि बांधकाम थांबवण्यासाठी तात्पुरत्या मनाईचा अर्ज द्या. दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवा, म्हणजे सर्च करणाऱ्याला ती दिसते. उलट बाजूने तुमच्यावर एकतर्फी मनाई येईल अशी भीती असेल तर कॅव्हेट, म्हणजे आपलं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये असा अर्ज, लावा. ते ९० दिवस चालतं, मग पुन्हा लावायचं. मुदत अशी की एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतून आपल्याला वगळलं आहे हे कळल्यापासून १२ वर्षं. निव्वळ घोषणेच्या दाव्याला ३ वर्षं.

पहिला हुकूमनामा फक्त वाटे ठरवतो. तेवढ्यावर थांबणारी कुटुंबं कमी नाहीत. पुढे अंतिम हुकूमनाम्यासाठी अर्ज करावा लागतो. शेती असेल तर प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, भूमी अभिलेखची मोजणी होते आणि तहसीलमार्फत तुकडे पडतात. बागायतीत नुसते एकर मोजू नका. विहीर कोणाच्या तुकड्यात, पाण्याची पाळी किती तासांची, मोटारीच्या विजेचं बिल कोणाच्या नावे, वहिवाटीचा रस्ता किती फुटांचा, झाडांची मोजणी कशी, हे सगळं मोजणीच्या वेळीच लिहून घ्या. काटोल-नरखेडकडे वाटणी झाल्यावर जी नवी भांडणं उभी राहतात ती बहुतेक विहिरीवरची असतात.

घरासाठी कोर्ट आयुक्त नेमतं. महालातल्या १२०० चौरस फुटांच्या वाड्याचे चार भाग केले तर प्रत्येकाला ३०० येतात, त्यात जिना कुठे घालणार? अशा वेळी १८९३ च्या वाटणी कायद्याचा मार्ग आहे. निम्म्या किंवा जास्त हिश्श्याचे मालक विक्री मागू शकतात आणि इतर भागीदार मूल्यांकनाच्या किमतीत तो हिस्सा स्वतः घेऊ शकतात. भावाने आपला हिस्सा परक्याला विकला आणि तो परका वाटणी मागत आला, तरी राहत्या घरात कुटुंबाला त्याचा हिस्सा विकत घेण्याचा हक्क राहतो. हा अर्ज वेळेत करायचा असतो, म्हणून त्या खरेदीदाराची पहिली नोटीस आली की त्याच आठवड्यात वकिलाला दाखवा.

समेटाचा हुकूमनामा करताना एक काळजी. दाव्यात नसलेली मालमत्ता समेटात घातली तर तेवढ्या भागासाठी नोंदणी आणि मुद्रांक लागतो. तो न भरल्यास नगर भूमापन कार्यालयात आखिव पत्रिकेवर नाव चढवायला गेल्यावर अर्ज परत येतो, आणि तोवर एक-दोन सही करणारे उरलेले नसतात.